सौर विजेचा हिशेब आणि रात्रीचे प्रहर

वर्षभरांत जितकी वीज खपली तितकी सूर्यापासून निर्माण झाली, कीं तो प्रांत कोळशापासून मुक्त झाला, असें समीकरण हल्लीं मोठ्या गांभीर्यानें मांडण्यांत येतें. उधारीच्या वहींत तें शोभेल. विजेच्या व्यवहारांत टिकणार नाहीं. तेथें जमाखर्च वर्षाअखेर जुळून भागत नाहीं, तो क्षणोक्षणीं जुळावा लागतो.

आमच्या वऱ्हाडापुरतेंच पाहूं. अकोला जिल्ह्यांत पारस येथें प्रत्येकीं २५० मेगावॉटचे दोन कोळशाचे संच आहेत. ते पूर्ण क्षमतेनें चालल्यास दिवसाकाठीं १ कोटि २० लाख युनिटें देतात. तितकीच वीज सूर्याकडून घ्यावयाची तर ५०० नव्हे, सुमारें २,५०० मेगावॉटचीं सौर पॅनेलें लागतील. कारण रात्र आणि ढग वजा जातां त्यांची सरासरी कमाई क्षमतेच्या पंचमांशाच्या आसपास भरते. आणि इतकें करूनहि दिवेलागणीस त्यांतून एक दिवा लागावयाचा नाहीं!

सौर योजना फोल आहेत असें मात्र कोणी समजूं नये. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेच्या, २०२३ सालीं आरंभलेल्या दुसऱ्या टप्प्यांत १६,००० मेगावॉटचें उद्दिष्ट धरून शेतीला दिवसा वीज देण्याचें ठरलें, तें सर्वथा योग्य झालें. ऐन थंडींत मध्यरात्रीं विंचवाकांट्यांतून हरभऱ्याला पाणी देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्या वडनेर भोलजीच्या शेतकऱ्यांना त्याची महती सांगावयास नको. विहिरीवरच्या पंपाची वेळ बदलतां येते. पण प्रसूतिगृहाची कशी बदलणार? वैशाखांतल्या रात्रीं पंखा दुपारींच फिरवून ठेवतां येतो काय?

सह्याद्रींत घाटघर येथें २००८ पासून २५० मेगावॉटचें केंद्र आहे. मागणी कमी असतां पाणी वर चढवावयाचें, निकडीच्या वेळीं खालीं सोडून वीज घ्यावयाची, अशी त्याची युक्ति. पण तेथें उंच कडा आहे. नांदुरा तालुक्याच्या सपाटीवर तो कोठून आणावयाचा? म्हणजे बॅटऱ्या, पावसाळ्यांतला वारा आणि दूरवरून वीज आणणाऱ्या तारा यांवर भिस्त आली. हा खर्च कोणाच्या बिलांत चढणार, हें उद्दिष्टें जाहीर करणाऱ्यांनीं आजच सांगावें.

त्यांच्या तक्त्यांत आणखी एक रकाना हवा : श्रावणांतील झाकोळलेला आठवडा, रात्रीचे आठ, वीज कोठून? तो कोरा असेल तोंवर पारसचें धुराडें बंद करण्याची तारीख कोणी ठरवूं नये.