सोडा काकू, सोडा!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मला तिळगुळापेक्षा एकच प्रश्न जास्त मिळाला. "काय हो, ह्यांचा हात कसा आहे आता?"

हात बरा आहे, मंडळी. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. दिवाळीच्या आत प्लास्टर निघालं आणि नंतर रबरी चेंडू दाबून दाबून मनगट पुन्हा वळायला लागलं. पण हात मोडला कसा, हे सांगताना आमच्या ह्यांची फार पंचाईत व्हायची. गणपत गल्लीत भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "गाडीवरनं पडलासा व्हय?" हे प्रामाणिक माणूस! म्हणाले, "नाही हो, बायकोबरोबर स्केटिंग करताना." मावशींनी आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोन लिंबं जास्तीची घातली.

त्याचं असं झालं. आमचा धाकटा रोज सकाळी स्केटिंगला जातो आणि आम्ही दोघं कट्ट्यावर बसून त्याच्या चपला सांभाळतो. आपल्या बेळगावला चाकांचं वेड काही आजचं नाही. अनिकेत चिंडक हा इथलाच. सहा वर्षांचा असताना उभ्या गाड्यांच्या रांगेखालून तो चाकांवर सपाट होऊन सरकत गेला आणि त्याचे फोटो जगभर छापून आले. त्या प्रकाराला म्हणतात लिंबो स्केटिंग. आम्हाला मात्र पन्नाशीत खाली पडलेलं लिंबू उचलायलाही भिंत धरावी लागते. तरीही शिकवणाऱ्या तरुण सरांनी एक दिवस पालकांसाठी रविवारची शिकवणी सुरू केली, आणि "काका-काकू, तुम्ही जोडीनंच करा, छान दिसेल," असं म्हटलं. छान दिसण्याच्या मोहाला पन्नाशीतही औषध नाही!

जोडीचं स्केटिंग खरं बर्फावरचं. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर मासळी बाजारात. पण चार चाकांच्या बुटांवरही हाच खेळ रीतसर खेळला जातो. 2010 च्या ग्वांगझौ आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाल या आपल्या जोडीनं त्यात कांस्यपदक मिळवलं. ती मंडळी एकमेकांना उचलतात आणि गरगर फिरवतात. आमचा करार साधा होता. शेजारी शेजारी, हातात हात घालून दोन फेऱ्या आणि शेवटी एक गिरकी. उचलाउचली नाही. हे गॅसचा सिलिंडर हलवला तरी दोन दिवस कंबर धरून बसतात.

पहिल्या दिवसापासून भांडण एकच. हे डाव्या पायानं निघायचे, मी उजव्या. ह्यांना वेग हवा, मला कठडा. सर ओरडायचे, "एकमेकांकडे बघू नका, समोर बघा!" पंचवीस वर्षांच्या संसारानंतर हे एवढं तरी आम्हाला यायला हवं होतं.

सरांचा दुसरा नियम असा, की जोडीदार पडायला लागला तर त्याचा हात सोडायचा. ओढायचं नाही, सावरायला जायचं नाही. एक पडला तर एकच पडतो. हात धरून ठेवला तर दोघं पडतात. आम्ही मान डोलावली. गणपतीनंतरच्या एका रविवारी वळणावर माझं चाक अडलं, मी घाबरून ह्यांचा हात घट्ट ओढला आणि ह्यांनी तो सोडला नाही. मी पडले ती ह्यांच्या अंगावर. हे पडले ते टेकलेल्या उजव्या हातावर.

डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधीच निदान केलं. "हात टेकलात ना? मनगटाला पट्ट्या होत्या का?" होत्या, पिशवीत! पोरांसमोर ते बांधून घ्यायची ह्यांना लाज वाटायची. 1996 साली अमेरिकेत या खेळात जखमी झालेल्यांचा अभ्यास झाला. मनगटाचे संरक्षक न घालणाऱ्यांना मनगटाची दुखापत होण्याची शक्यता सुमारे दहापट निघाली. ज्यांना कुणाला या वयात चाकांवर उभं राहायचंय, त्यांनी हा आकडा लाजेपेक्षा मोठा मानावा. बायकांनी तर जास्तच, कारण पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात.

निपाणीहून आईचा फोन आला. "आगं, ह्या वयात चाकं लावून फिरतीस व्हय? आणि जावयाचा हात मोडलास!" शेजारच्या अज्जींनी कन्नडमध्ये तेच ऐकवलं, "एन्री बाई, ई वयस्सिनाग इदु बेकेन्री?" दोन भाषांच्या घरात राहण्याचा हा एक तोटा. बोलणी दोनदा खावी लागतात.

वयाचं उत्तर माझ्याजवळ होतं. जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ गावी 2005 पासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय बर्फस्पर्धा भरते. कॅनडाकडून खेळणारी डिअ‍ॅना स्टेलाटो-डुडेक सतराव्या वर्षी कंबरेच्या दुखण्यामुळे निवृत्त झाली होती. ती सोळा वर्षांनी परतली आणि 2024 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, जोडीदारासह जगज्जेती झाली.

पण जावयाच्या हाताला उत्तर नव्हतं. सहा आठवडे मी ह्यांच्या शर्टाची बटणं लावली, भात कालवून दिला, आणि प्रत्येक वेळी ते प्लास्टर माझ्याकडे बघायचं. जोडीच्या खेळातला खरा धोका हाच. एकट्यानं पडलात तर चूक तुमची, हाडही तुमचं. जोडीत चूक एकाची आणि हाड दुसऱ्याचं. 2004 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत रशियाच्या मॅक्सिम मरिनिननं डोक्यावर उचललेली तातियाना तोत्मियानिना खाली कोसळली. तिचं डोकं बर्फावर आपटलं, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. तिला पडल्याचं काही आठवत नव्हतं. भीती बसली ती मरिनिनला. पुन्हा तिला उचलायला त्याला मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागली. 2006 मध्ये तूरिनला ह्याच जोडीनं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.

आमच्याकडेही तसंच झालं. परत जायचं हे म्हणत होते, आणि नको मी म्हणत होते. एका रात्री मी बोलून टाकलं, "मी ओढलं म्हणून तुम्ही पडलात." हे म्हणाले, "छे! मी सोडलं नाही म्हणून पडलो. सर सांगत होते, पण हात उघडेचना." थोड्या वेळानं म्हणाले, "सवयच नाही ना."

मग मी काही बोलले नाही. दिवा मालवला.

ल्युडमिला बेलौसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव हे नवराबायको. दोघंही पंधरा-सोळाव्या वर्षी, म्हणजे या खेळाच्या मानानं उशिराच, शिकायला लागले. 1964 आणि 1968 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली आणि ऐंशीच्या घरात, 2015 पर्यंत, लोकांसमोर बर्फावर उतरत राहिले. त्यांच्या खेळात एक डाव असतो. पुरुष मध्यभागी रुतून उभा, आणि बाई त्याच्या एका हाताच्या आधारानं जवळजवळ आडवी होऊन त्याच्याभोवती फिरते, डोकं बर्फाला टेकायला आलेलं. त्याला 'मृत्यूची गिरकी' म्हणतात. या दोघांनी तिचे तीन नवे प्रकार काढले. त्यांतल्या एकाला जीवनाचं नाव दिलं, एकाला प्रेमाचं. तिथं हात सुटून चालत नाही, आणि पडताना धरून चालत नाही. दोन्ही शिकावं लागतं.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली. आता मनगटाला संरक्षक, गुडघ्याला पट्ट्या, डोक्यावर शिरस्त्राण. आम्ही दोघं गड जिंकायला निघाल्यासारखे दिसतो. सर सध्या एकच धडा घेतात, तो म्हणजे पडायचं आणि हात सोडायचा.

गेल्या रविवारी नातवाला घेऊन आलेल्या अज्जी कट्ट्यावर बसल्या होत्या. मी मुद्दाम तोल घालवला. सर ओरडले, "सोडा काकू, सोडा!" कट्ट्यावरून अज्जी त्याहून मोठ्यानं ओरडल्या, "कै बिडब्याड्री! कै बिडब्याड्री!"

कुणाचं ऐकावं ते कळेना. ह्यांनी या वेळी सोडला. मी गुडघ्यांवर सुखरूप बसले, हे दोन हात पुढे जाऊन थांबले, आणि लगेच वळून हात पुढे केला. तो मोडलेलाच हात होता. धरावा की नाही, क्षणभर विचार पडला.

धरला. पण हळूच!