हिमनदीवरचा तंबू आणि तीन महिन्यांची मुदत



लैंगिक छळाची तक्रार घेऊन एखादी आली, की तिच्यापुढे पहिला प्रश्न ठेवलेलाच असतो : ‘तेव्हाच का नाही बोललीस?’

जेन विलेनब्रिंग या अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्त्रीलाही तो चुकला नाही. १९९९ साली बोस्टन विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणून ती अंटार्क्टिकातल्या कोरड्या खोऱ्यांत संशोधनाला गेली. मोजकी माणसे, निघून यायला वाट नाही आणि तंबूत सत्ता मार्गदर्शक प्राध्यापकाची. तिथे त्याने आपला छळ केला, अशी तक्रार तिने २०१६ मध्ये केली. स्वतःची प्राध्यापकाची नोकरी कायम झाल्यानंतर. २०१७ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत लैंगिक छळ झाल्याचा निष्कर्ष निघाला. २०१८ मध्ये त्याच्या नावाची हिमनदी ‘मटाटाउआ’ झाली आणि २०१९ मध्ये त्याची नोकरी गेली.

ती १७ वर्षे का थांबली? हिमनद्यांचा आणि बदलत्या हवामानाचा अभ्यास घरबसल्या होत नाही. बर्फावर जाऊन मोजमापे घ्यायची, नमुने आणायचे, त्यावर प्रबंध, प्रबंधावर नोकरी. मोहिमेत कोणाला न्यायचे आणि शिफारसपत्र कोणाला द्यायचे, हे मार्गदर्शक ठरवतो. बोलणे म्हणजे विषयच सोडणे.

या बर्फावर पाय ठेवायलाही बायकांना झगडावे लागले. अमेरिकन नौदलाने स्त्री-संशोधकांना १९६९ पर्यंत अंटार्क्टिकात नेले नाही. आपल्याकडून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ च्या मोहिमेत गेल्या. दार उघडले, पण आतल्या सत्तेचे काय?

आपल्याकडे २०१३ चा कायदा कामानिमित्त जावे लागते ते प्रत्येक ठिकाण कामाचे ठिकाण मानतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत अभ्याससहली आणि शिबिरेही येतात. म्हणजे हिमालयातला तंबूसुद्धा. पण तक्रारीला मुदत तीन महिने, फार तर आणखी तीन. पीएच.डी. चालते कितीतरी वर्षे! जिच्या हातात पदवीच नाही, तिने तीन महिन्यांत मार्गदर्शकाविरुद्ध उभे राहायचे?

म्हणून विद्यार्थिनी मार्गदर्शकाच्या हाताखाली असेपर्यंत मुदत मोजू नये, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर आपापल्या गावच्या महाविद्यालयांत एवढे तरी विचारू या : मुली दौऱ्यावर जातात, तेव्हा तक्रार समितीतल्या बाईंचा फोन नंबर त्यांच्याजवळ असतो का?