पायी चालणाऱ्यांची वसई

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतल्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेची ही एकुलती एक गाडी सकाळी जायची आणि संध्याकाळी परतायची. विरार सोडलं की नीला आणि बेसीन ही स्थानकं लागत. आजची नालासोपारा आणि वसई रोड ती हीच. रूळ पडले ते नांदत्या गावांच्या पूर्वेला. आगाशी, निर्मळ, सोपारा, पापडी, वसई ही गावं समुद्राच्या अंगाला राहिली, अर्नाळा तर त्याहून लांब. गाडी पकडायची म्हणजे आधी ही वाट तुडवायची. ती तुडवली पायांनी, बैलगाड्यांनी आणि पुढे सायकलींनी. वसईची फुलं, भाजी, केळी, विड्याची पानं आणि दूध मुंबईच्या बाजारात पोचलं ते या वाटेवरून. दीडशेहून अधिक वर्षं इथलं जगणं घर ते स्थानक या अंतरावर बेतलेलं आहे, आणि आज इथल्या माणसाच्या जिवाला सर्वात मोठा घोर लागतो तोही याच अंतरात.

या वाटा मुळात कशा होत्या ते वाड्यांच्या पट्ट्यात अजून पाहायला मिळतं. भुईगाव, गास, गिरीज, नंदाखाल या बाजूला रस्ता सरळ जात नाही. तो वाडीच्या हद्दीने वळतो, बावखलाला, म्हणजे वाडीतल्या तळ्याला, वळसा घालतो, क्रुसापाशी किंवा देवळापाशी थोडा ऐसपैस होतो आणि पुन्हा दोन कुंपणांमध्ये शिरतो. एक बैलगाडी सुटेल आणि माणूस बाजूला उभा राहील, एवढीच त्याची रुंदी. सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी, आदिवासी अशा सगळ्यांच्या पायांनी मळलेली ही वाट. तिच्यावर पोरं खेळली, लग्नाच्या वराती निघाल्या, निर्मळच्या यात्रेकरूंची रीघ लागली. तिथे वेगाला जागाच नव्हती, म्हणून वेगळ्या पदपथाची गरज कुणाला पडली नाही.

रस्ता कुणासाठी, हा प्रश्न या भूमीवर फार जुना आहे. सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच सापडला. पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना निघत, आपण मात्र धर्मयात्रेला निघालो आणि गावोगावच्या लोकांना भेटतो, असं अशोक त्या लेखात सांगतो. याच लेखमालेतल्या दुसऱ्या लेखात रस्त्यांच्या कडेला विहिरी खणल्याची आणि झाडं लावल्याची नोंद आहे, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याने रस्त्याचा विचार केला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उन्हातून चालणारा वाटसरू होता. आजच्या रस्त्याच्या निविदेत त्या वाटसरूसाठी किती ओळी खर्ची पडतात, हे विचारण्याचा हक्क सोपाऱ्याच्या नागरिकाला नक्कीच आहे.

सायकल आली तेव्हाही रस्ता बदलावा लागला नाही. कॅरियरच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवून पहाटे स्टेशन गाठणारा दूधवाला, शाळेचे मास्तर, कारखान्यातला कामगार, सगळे त्याच वाटेवरून गेले. त्या काळी महाराष्ट्रातल्या नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत. दिव्याविना सायकल हाकली किंवा डबलसीट बसलं तर पोलीस अडवत. जाच होता, पण सरकारदरबारी सायकल हे वाहन होतं आणि तिची नोंद होती. बिल्ला गेला आणि सायकलवाला नोंदीतून गेला, रस्त्यावरून मात्र गेला नाही. वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात भल्या सकाळी उभं राहावं. कामावर निघालेल्यांत सायकली आजही दिसतात. शहराच्या आराखड्यात त्यांना जागा नाही, एवढंच.

घडी विस्कटली ती १९९० नंतर. त्या वर्षी सरकारने वसई-विरार उपप्रदेशाचं नियोजन सिडकोकडे सोपवलं आणि मुंबईत घर न परवडणारा माणूस लाखांच्या संख्येने इथे आला. तो आला हा त्याचा दोष नाही; त्यालाही घर ते स्थानक चालतच जायचं होतं. दोष त्याच्या पायांखाली काय द्यायचं याचा विचार न करणाऱ्यांचा. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. महानगरपालिका होण्याच्या कितीतरी आधीपासून इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना पाणी नव्हतं. मग वाड्यांतल्या विहिरींचं पाणी उपसून टँकर धावू लागले, आणि या उपशाविरुद्ध, भूमाफियांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला. तो लढा पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी होता, तसाच तो रस्त्यासाठीही होता, हे आज अधिक स्पष्ट दिसतं. बैलगाडीच्या रुंदीच्या वाटेवर खेपा वाढवण्याच्या घाईत भरलेला टँकर सुटला, तर समोरून येणाऱ्या शाळकरी मुलीने जायचं कुठे? टँकरखाली माणूस गेल्याची बातमी वसई-विरारकरांना नवी नाही. सूर्या पाणीपुरवठा प्रकल्पाचं पाणी प्रत्येक सोसायटीच्या नळापर्यंत नेणं हा पाणी खात्याचा विषय मानला जातो. तो तितकाच रस्ते सुरक्षेचा विषय आहे, कारण नळाला पाणी आलं तेवढ्या टँकरच्या खेपा कमी होतात.

स्थानकांच्या परिसरात अडचण वेगळ्या रूपात भेटते. संध्याकाळी लोकल रिकामी होते आणि हजारो माणसं एकदम जिन्यावरून खाली उतरतात. समोर पदपथ असतो, पण गुडघ्यापर्यंत उंच. म्हाताऱ्या माणसाला किंवा कडेवर मूल घेतलेल्या बाईला त्यावर चढणंच जड जातं. चढलं तर पुढे दुकानाची फळी, त्यापुढे उभ्या केलेल्या दुचाक्या, मग चेंबरचं खचलेलं झाकण. दहा पावलांत माणूस पुन्हा खाली, रिक्षांच्या रांगेत. पावसाळ्यात रस्ता आणि गटार यांतला फरकच पुसला जातो. जुलै २०१८ च्या पुरात रेल्वे ठप्प झाली आणि वसई पाण्याखाली गेली, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच होता की पुढच्या पावलाखाली झाकण आहे की नाही.

आणि गतिरोधक? इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, लांबट उताराचा असावा. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये. आपल्याकडे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी डांबराचा हातभर उंचवटा थापला जातो. त्यावर सायकलवाल्याचा तोल जातो, दुचाकीवाला कडेने वळसा घालतो, आणि ती कडच तेवढी पादचाऱ्याच्या वाट्याला उरलेली असते.

या सगळ्यावर ठरलेलं उत्तर येतं: रस्ते अरुंद आहेत, रुंद करा. गेली तीस वर्षं आपण हेच ऐकत आलो. म्हणून स्पष्ट सांगायला हवं की रुंद केलेला रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. वाडीतला रस्ता रुंद करायचा तर माड तुटतात, कुंपणं मागे सरतात, बावखलं बुजतात. मोकळी झालेली जागा चालणाऱ्याला मिळत नाही, वेगाला मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० किलोमीटरपर्यंत मुभा दिली आहे. राज्याला ही मर्यादा खाली आणता येते. ती आणली नाही, तर मोटार ताशी ६० ने शाळेवरून गेली तरी ती कायद्यातच बसते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात नव्हता.

हे प्रारब्ध नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली आणि सरकारला धोरण बदलावं लागलं. सायकलींचा देश म्हणून आज ज्याचं कौतुक होतं, तो देश असा लढून घडला. वस्तीतल्या रस्त्यावर मोटार पाहुणी आहे आणि तिने चालणाऱ्याच्या चालीने यावं, हा विचार त्यांच्या डेल्फ्ट गावात रुजला. आपल्या वाड्यांतला जुना रस्ता नेमका तसाच होता. जवळचा धडा पुण्याचा. सायकलींचं शहर म्हणून नावाजलेल्या पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधीही मार्ग बांधले. पण जिथे मार्ग तुटक राहिले आणि त्यांवर गाड्या उभ्या राहू दिल्या, तिथे सायकलवाला परत मुख्य रस्त्यावर आला. नुसती रंगवलेली पट्टी कुणाला वाचवत नाही.

रस्त्यावर पोट भरणाऱ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. फेरीवाला आणि रिक्षावाला हे पादचाऱ्याचे शत्रू नव्हेत. वसईची भाजीवाली स्वतः डोक्यावर पाटी घेऊन चालत आली आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे जागा आखून द्याव्यात, रिक्षांना पुरेसे थांबे द्यावेत, आणि त्यानंतर चालण्याची पट्टी मोकळी ठेवण्यात कुचराई करू नये. इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष सांगतो, पदपथावर किमान १.८ मीटर जागा विनाअडथळा हवी. दोन माणसं एकमेकांशेजारून सहज जातील, एवढंच तर मागणं आहे.

कायदाही आता चालणाऱ्याच्या बाजूने बोलू लागला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९८ अ कलमाने रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला आणि सल्लागाराला दंडाच्या कक्षेत आणलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेल्यास ६ लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. त्याआधी करायची कामं महापालिकेच्या आणि मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हातात आहेत.

ती कामं मोठी नाहीत. वस्तीतल्या आणि वाड्यांतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा अधिसूचित करून ती राबवावी. रस्ते सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने जगाला हेच सांगितलं आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी टँकर आणि डंपर यांना बंदी करावी. नायगाव ते विरार या टप्प्यातल्या प्रत्येक स्थानकापासून सलग, सखल, सावलीचा पदपथ आणि सायकल ठेवायला सुरक्षित जागा द्यावी. गतिरोधक निकषाने बांधावेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक उघडं चेंबर झाकावं. वाडीतले रस्ते रुंद न करता जपावेत. २०२० मध्ये महापालिकेतल्या लोकप्रतिनिधींची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गल्लीतल्या खड्ड्यासाठी दार ठोठवायचं कुणाचं, हेच त्या काळात लोकांना कळेनासं झालं होतं. म्हणून प्रत्येक प्रभागाच्या नगरसेवकाने आणि अभियंत्याने आपला प्रभाग रहिवाशांबरोबर पायी फिरून कामांची यादी करावी आणि ती जाहीर लावावी.

नियोजित विरार-अलिबाग वाहतूक कॉरिडॉर १२६ किलोमीटरचा आहे. बुलेट ट्रेनला विरारला थांबा असणार आहे. या प्रकल्पांसाठी पैसा, जमीन आणि इच्छाशक्ती मिळते. पण त्यांतून उतरणारा माणूसही शेवटी घरी पायीच जाणार. त्या शेवटच्या दोन किलोमीटरांसाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात पादचारी आणि सायकल सुरक्षेचं स्वतंत्र शीर्ष असावं, त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये आणि दरवर्षी त्याचा हिशोब लोकांपुढे मांडला जावा. वसई-विरारच्या नागरिकांनी पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी लढून दाखवलं आहे. तेवढ्याच निग्रहाने ही मागणी लावून धरायला हवी.