ओजेटी फक्त सही-शिक्क्यापुरती?

ओजेटीचे दिवस जवळ आले, की क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पडतोच. 'कुणाच्या ओळखीत कुणी सर्टिफिकेट देईल का?' लक्षात घ्या, काम कुणी मागत नाही, सर्टिफिकेट मागतात. मग कुणाचे तरी काका मदतीला धावतात. लेटरहेड, सही, शिक्का. झाली ओजेटी!

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार क्रेडिट्स, म्हणजे १२० तास. हे तास काकांच्या लेटरहेडवर खर्च केले, तर नुकसान कुणाचं?

माझंच सांगते. या डेस्कवर इंटर्न म्हणून आले, त्या पहिल्याच आठवड्यात पोलिसांची एक प्रेसनोट हातात पडली. मी झटपट बातमी करून दिली. शेजारच्या सीनियर ताईंनी वाचली आणि विचारलं, "मुलगा अल्पवयीन आहे ना? मग त्याच्या शाळेचं नाव कसं दिलंस?" मीडिया लॉच्या पेपरात हेच कलम मी व्यवस्थित लिहून आले होते. मार्कही चांगले मिळाले होते. पण समोर बातमी आली, तेव्हा ते आठवलंच नाही.

कॉलेजात गेल्यावर सरांना हा किस्सा सांगितला. त्यांनी ताईंना फोन केला. आता आमच्या ज्युनिअर्सना प्रॅक्टिकलमध्ये प्रेसनोटवरून बातमी करायला देतात आणि ती तपासायला ताई येतात. यासाठी ना करार झाला, ना हस्तांदोलनाचा फोटो.

कॉलेज आणि इंडस्ट्रीचं नातं असंच तयार होतं. पिलानीच्या बिट्समध्ये १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालतं. तिथे विद्यार्थी कंपनीत जातात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला प्राध्यापकही असतात. आपल्याकडे किती कॉलेजांमधले शिक्षक ओजेटीच्या ठिकाणी एकदा तरी डोकावतात? सामंजस्य करार फायलीत राहतो. कंपनीत रोज जातो तो विद्यार्थीच. त्याला तिथे नुसत्या झेरॉक्स काढायला लावल्या, तर ते कॉलेजला कळायला हवं. आणि तोच दांड्या मारत राहिला, तर पुढच्या बॅचला ती कंपनी दारात तरी उभं करेल का?

म्हणून यंदा ओजेटीला जाल, तेव्हा एक वही ठेवा. वर्गात जे शिकवलं नव्हतं आणि तिथे लागलं, ते रोज दोन ओळींत लिहा. परत आल्यावर रिपोर्ट सबमिट करून मोकळे होऊ नका, ती वही सरांच्या, मॅडमच्या टेबलावर ठेवा. आणि सर, मॅडम, तुम्हीही ती वाचा. पुढच्या वर्षीचं प्रॅक्टिकल काय असावं, हे त्यात सापडेल.