मोजणी यंत्राने होवो, पण नकाशा सभासदाच्या हाती पडो

उसाच्या धंद्यात दोन मापे महत्त्वाची. एक वजनकाट्यावरचे आणि दुसरे बांधावरचे. वजनकाट्याकडे आपणा सर्वांचे बारीक लक्ष असते. गाडी काट्यावर चढली की मालक, ड्रायव्हर, मुकादम सगळ्यांच्या माना आकड्याकडे वळतात. काट्याविषयी प्रश्न निघाला नाही अशी वार्षिक सभा विरळाच. बांधावरच्या मापाकडे मात्र आपण सरळ कानाडोळा करतो. चिटबॉय येतो, विहिरीवर चहा होतो. "किती लावलाय दादा?" "धर की दीड एकर." झाली नोंद! आणि पुढचा सगळा हंगाम या नोंदीच्या जोरावर चालतो.

या नोंदीवर काय काय अवलंबून आहे ते पाहा. किती एकर आडसाली, किती पूर्वहंगामी, किती सुरू आणि किती खोडवा, यावरून एकूण टनेजाचा अंदाज निघतो. त्या अंदाजावर तोडणीच्या टोळ्या आणि वाहने ठरतात. कोणाची तोड कोणत्या पंधरवड्यात, हेही तेथूनच ठरते. नोंद फुगलेली असेल तर कागदावर ऊस आणि शिवारात पाचट, अशी गत होते. नोंद कमी पडली तर टोळ्या कमी पडतात आणि शेवटच्या सभासदाचा ऊस उन्हात वाळत उभा राहतो. ऊस अंदाजापेक्षा जास्त निघाला तर दुसऱ्याचा घातला काय असा संशय. कमी निघाला तर बाहेर घातला असा आळ. चूक मापाची आणि डाग सभासदाच्या नावाला!

म्हणूनच साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांत हातात धरण्याचे जीपीएस यंत्र आणि संगणकावरचा नकाशा येऊ लागला आहे, त्याचे या लेखकाला मनापासून स्वागत करावेसे वाटते. तरीही स्वागत करताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. यंत्र आले म्हणजे न्याय आला, असे होत नाही.

प्रथम हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पकडून आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत हे ते सांगते. मूळ व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते पूर्वी मुद्दाम चूक मिसळीत असत. मे २००० मध्ये ती बंद केली, आणि तेव्हापासून शेतमोजणीसारख्या कामाला हे यंत्र उपयोगी पडू लागले. यंत्र घेऊन उसाच्या कडेने चालत जायचे, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून जागेची नोंद घ्यायची, की क्षेत्रफळ निघते. यंत्राची किंमत एका बैलजोडीपेक्षा पुष्कळ कमी आहे. नकाशा काढण्याची क्यूजीआयएस नावाची प्रणाली तर फुकट मिळते. जगभरच्या जाणकारांनी ती मिळून तयार केली आहे, म्हणजे एका अर्थी तीही सहकाराचेच फळ म्हणायची.

फायदे उघड आहेत. एकाच गटातला ऊस दोन भावांनी आपापल्या नावावर नोंदविला तर नकाशावर एका तुकड्यावर दुसरा तुकडा चढलेला दिसतो. कोणाचा प्लॉट कोणत्या पाणंदीला लागतो, ट्रॅक्टर कोठवर जाईल आणि टायरगाडीच कोठे लागेल, हे टोळी निघण्यापूर्वी कळते. शेजारशेजारचे तयार प्लॉट एकदम तोडता आले तर टोळीची पायपीट वाचते. रस्त्याचे खरे अंतरही मोजता येते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच वजा होतो, तेव्हा ही बाब काही लहान नव्हे.

आता दुसरी बाजू. हातातले साधे यंत्र किंवा खिशातला मोबाईल फोन उघड्या आभाळाखालीसुद्धा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. झाडाखाली, किंवा डोक्यावर गेलेल्या उसात शिरलात तर त्याहून जास्त. सगळ्याच खुणा एका दिशेला सारख्याच सरकल्या तर क्षेत्रफळ बिघडत नाही. पण एक खूण आत आणि एक बाहेर पडली की हिशेब चुकतो. आणि हा हिशेब सर्वांचा सारखा चुकत नाही, ही खरी गोम आहे.

एक उदाहरण करून पाहू. समजा, माप चारी बाजूंनी फक्त एक मीटर, म्हणजे सुमारे दोन हात बाहेर पडले. दहा एकरांच्या चौरस प्लॉटला त्यामुळे शेकडा दोनचा फरक पडतो. मोठ्या बागायतदाराच्या ते ध्यानातही येणार नाही. वीस गुंठ्यांचा चौरस तुकडा मात्र जवळजवळ बावीस गुंठे भरतो. आणि तेच वीस गुंठे वाटण्या होऊन राहिलेली दहा मीटर रुंदीची लांबट पट्टी असेल, तर ती चोवीस गुंठ्यांच्या वर जाते. माप आत पडले तर ती सोळाच गुंठे भरते. एकरी चाळीस टन धरले तर गुंठ्याला एक टन ऊस. म्हणजे दोन हातांच्या चुकीने चार टनांचा फरक, आणि तोही ज्याच्याजवळ अर्धा एकरच आहे त्याला! वाटण्यांनी आपल्या शिवाराच्या किती चिंध्या झाल्या आहेत हे सांगायला नको. यंत्राची चूक सर्वांत जास्त बोचणार ती या लहान सभासदाला.

याला उपाय नाही असे नाही. मोजणी ऊस कमरेएवढा होण्याच्या आत करावी. कोपऱ्यावर यंत्र घेऊन नुसते पळत जाऊ नये. मिनिट-दोन मिनिटे थांबून सरासरी घ्यावी. आपल्या देशाने विमानांसाठी 'गगन' नावाची व्यवस्था उभारली आहे. तिचा संदेश घेणारे यंत्र खरेदी केले तर चूक कमी होते. आणि एक एकराच्या आतल्या किंवा चिंचोळ्या पट्टीला सरळ टेप लावावा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे गुंठा, हे आपल्या आजोबांना पाठ होते. जुने ते सगळेच टाकाऊ नसते.

आणखी एका गोष्टीचा घोटाळा होऊ नये. उसाचा नकाशा म्हणजे जमिनीची हद्द नव्हे. भूमी अभिलेख खाते आता रोव्हर नावाचे यंत्र वापरते. ते ठराविक जागी कायम बसविलेल्या केंद्रांच्या आधाराने सेंटिमीटरपर्यंत मोजते. आपल्या हातातले यंत्र त्या जातीचे नाही. कारखान्याच्या नकाशात बांध इकडे दिसतो म्हणून उद्या कोणी भावकीत कुऱ्हाड काढू लागला तर ते चालायचे नाही. उभा ऊस किती, एवढेच हा नकाशा सांगतो. जमीन कोणाची हे सांगत नाही. ही ओळ प्रत्येक नकाशावर ठळक छापलेली असावी.

नकाशाला लागणीची तारीखही कळत नाही, आणि पाळी तर तारखेवर ठरते. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते आणि शेत केव्हा हिरवे झाले ते त्यावरून ताडता येते. पण आडसाली लागण होते जुलै-ऑगस्टात, आणि नेमके तेव्हाच आभाळ झाकलेले असते. तेव्हा चिटबॉयने बांधावर येणे काही सुटत नाही. या यंत्राने आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातील, अशी भीती काहीजण बोलून दाखवितात. या लेखकाचे मत उलट आहे. शिवार ओळखणाऱ्या माणसाच्या हातातच हे यंत्र शोभते. त्याला नीट शिकवावे, आणि सभासदांच्या शिकलेल्या मुलामुलींना नकाशाच्या कामावर घ्यावे. नुसते यंत्र देऊन परका माणूस पाठविला तर तो एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर बिनचूक मोजून येईल!

आता खरा मुद्दा. माप कितीही चांगले झाले, तरी ते गट ऑफिसच्या संगणकात बंद राहिले तर सभासदाला काय कळणार? पूर्वी चिटबॉयच्या वहीत काय लिहिले ते निदान वाकून बघता तरी येत होते. उद्या "संगणकात असेच आहे" हे एकच उत्तर मिळू लागले, तर जुन्या अंदाजापेक्षा ते वाईट. अंदाजाशी भांडता येते. यंत्राचे नाव पुढे केले की सामान्य माणूस गप्प बसतो. म्हणून संचालक मंडळाने पुढील गोष्टी ठराव करून नियमात बसवाव्यात अशी विनंती आहे.

एक, मोजणी सभासदाच्या किंवा त्याच्या घरच्या माणसाच्या समक्ष व्हावी, आणि बाईच्या नावे नोंद असेल तर तिला बोलावून व्हावी. दोन, प्लॉटचा नकाशा, गुंठ्यांतले क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख यांचा एक कागद सहीशिक्क्यासह सभासदाला मिळावा. तीन, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असावी आणि फेरमोजणी टेप लावून, दुसऱ्या गटाच्या माणसाकडून व्हावी. चार, गावची संपूर्ण यादी क्षेत्र आणि तारखेसह गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी. पाच, नकाशांची सगळी माहिती कारखान्याच्या मालकीची राहावी. काम एखाद्या कंपनीला दिले तरी करार संपल्यावर आपलीच शिवारे आपल्याला विकत घ्यावी लागू नयेत.

चौथी मागणी काहींना टोचेल, हे ठाऊक आहे. पाळी लवकर मिळावी म्हणून क्षेत्र वाढवून किंवा तारीख मागे ओढून सांगणारे आपल्यातच आहेत. ते सगळे पुढारीच असतात असेही नाही. पण एकाची तारीख मागे गेली की दुसऱ्याची पाळी पुढे ढकलली जाते. त्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि खोडवाही उशिरा राहतो. फळ्यावरची यादी सगळा गाव वाचील, आणि कोणाच्या रानात किती ऊस आहे हे गावाइतके कोणत्याही उपग्रहाला ठाऊक नाही.

सभासदांनीही आपले काम करावे. घरातल्या मुलाच्या फोनवर क्षेत्र मोजण्याची सोय फुकट घेता येते. त्याला घेऊन एकदा आपल्या उसाभोवती फिरा. चौरस मीटरचा आकडा येईल, त्याला १०१ ने भागा, की गुंठे निघतात. कारखान्याच्या आकड्याशी थोडाफार फरक येणारच, तेवढ्यावरून वाद घालू नका. पण वीस गुंठ्यांत चार-पाच गुंठ्यांचा फरक दिसला तर गट ऑफिसात जाऊन टेपाची मागणी करा, आणि ती लेखी करा.

सहकारात विश्वास लागतो हे खरे, पण तो डोळे मिटून ठेवायचा नसतो. काट्यावरचा आकडा आपण उभे राहून बघतो, म्हणून काट्यावर आपला हक्क राहतो. बांधावरच्या या नव्या काट्यापाशीही आपण तसेच उभे राहिले पाहिजे. येत्या लागणीच्या नोंदीला यंत्र घेऊन माणूस आला तर चहा जरूर पाजा, पण त्याच्याबरोबर चारी कोपरे चाला, आणि कागद हातात पडल्याशिवाय सही करू नका.

— एक ऊस उत्पादक सभासद