आखाड्याबाहेरचे बळ

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, वालूर नावाचे एक जुने गाव आहे. तेथे एक वर्तुळाकार बारव असून तिच्या पायऱ्या शंखाच्या वळणाप्रमाणे फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. नळाचे पाणी गावोगाव पोहोचल्यापासून अशा बारवांची जी दशा सर्वत्र झाली, तीच हिचीही झाली होती. म्हणजे गाळ साचला, झुडपे माजली आणि लोकांची वहिवाट सुटली. पुढे अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी श्रमदानाने ती साफ केली आणि झाकून गेलेले ते सुंदर बांधकाम पुन्हा दृष्टीस पडू लागले.

बारवेतला गाळ उपसणे हे काही खेळाचे काम नव्हे. तथापि या बारवेचा विचार करताना आमच्या मनात खेळाचाच विषय आला. गाळ काढण्यास दंडात बळ लागते, एका तालावर काम करण्याची सवय लागते, आणि 'आज मी, उद्या तू' अशी पाळी बिनतक्रार मानण्याची वृत्ती लागते. हे तिन्ही गुण मनुष्य कोठे शिकतो? पाठशाळेत थोडे, घरात थोडे. परंतु सर्वांत अधिक तालमीत व क्रीडांगणावर. असे असता आपल्याकडे क्रीडासंस्थेच्या चालकाची परीक्षा आपण त्याने किती पदके मिळविली एवढ्यावरूनच करतो. त्या बळाचा गावाला काय उपयोग झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तोच आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

या बाबतीत आपल्याच प्रांतातील एक उदाहरण फार बोलके आहे. १९१४ साली अमरावतीस अनंतराव व अंबादासपंत या वैद्य बंधूंनी एक लहानसा हनुमान आखाडा सुरू केला. आज 'श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ' म्हणून जी संस्था सर्वश्रुत आहे, तिचा उगम तो. त्या काळी आखाडे पुष्कळ होते. एखादा वस्ताद, त्याचे चार शिष्य, नागपंचमीची कुस्ती, आणि वस्तादाच्या मागे आखाड्याला कुलूप, असा त्यांचा सामान्य क्रम असे. वैद्य बंधूंचे वेगळेपण असे की, केवळ मल्ल तयार करून ते थांबले नाहीत; त्यांनी व्यायाम शिकविणारे शिक्षक तयार केले. एक मल्ल गावाची जत्रा जिंकतो. एक शिक्षक दरसाल शंभर मुलांस सूर्यनमस्कार, मलखांब व लाठी शिकवितो. संस्थेच्या नावात 'प्रसारक' हा शब्द आहे तो शोभेसाठी नव्हे. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, त्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपले देशी खेळ व व्यायामप्रकार जगासमोर करून दाखविले. हा मान मोठा खराच. परंतु गावोगावच्या शाळांत पोहोचलेला व्यायामशिक्षक हा त्याहून मोठा लाभ होय, असे आमचे मत आहे.

याच मंडळाच्या कार्याशी निकट संबंध असलेले अमरावतीचे एक गृहस्थ म्हणजे डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन. व्यवसायाने ते होमिओपथीचे डॉक्टर. नगरात प्रतिष्ठा होती, माणसांचा संग्रह होता, व्यायामसंस्थेचा मान होता. सुदृढ देहाचा गौरव करणाऱ्या मंडळीत ज्याची ऊठबस, त्याने १९४६ साली काय केले? शहराबाहेर तपोवन ही वसाहत उभी केली. आणि ती कोणासाठी, तर ज्यांच्या देहाकडे पाहण्यासही लोक धजत नसत, त्या महारोग्यांसाठी!

हा प्रसंग नीट समजून घेण्याजोगा आहे. महारोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ सालीच दाखवून दिला होता. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, रक्ताने येत नाही, व सहज स्पर्शाने जडत नाही, हे आज सर्वमान्य आहे. अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने तो पूर्ण बरा होतो. परंतु त्या उपचारपद्धतीचा पुरस्कार जागतिक आरोग्य संघटनेने केला तो १९८० नंतर. १९४६ साली रोग्याच्या वाट्यास बहुधा घरातून हकालपट्टी व देवळाच्या पायरीवरची भीक एवढेच येत असे. सुशिक्षित घरेही याला अपवाद नव्हती, ही गोष्ट आपण मोकळ्या मनाने कबूल केली पाहिजे. अशा माणसांस तपोवनात शेती, विणकाम, सुतारकाम असे उद्योग मिळाले. दान देऊन दूर सारण्यापेक्षा हाताला काम देऊन जवळ घेणे हे किती कठीण! व्यायामशाळेचा मूलमंत्र तरी याहून निराळा कोठे आहे? 'ज्याच्या अंगी जेवढे बळ असेल तेवढ्यापासून आरंभ करावा', हेच तेथेही सांगतात.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. गोळेश्वर हे कऱ्हाडजवळचे गाव. तेथील खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हेलसिंकीस जाण्याइतका पैसा या शेतकऱ्याच्या मुलापाशी नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. प्राचार्य हे काही क्रीडामंडळाचे अध्यक्ष नव्हते. तरीही खऱ्या क्रीडाचालकाचे काम त्यांनी केले, असेच म्हणावे लागते. खुर्ची एकाची आणि जबाबदारी दुसऱ्याने उचललेली, असे दृश्य आपल्याकडे नवे नाही. या घरी गहाणखतावर सही होताना घरातील बायकामाणसांच्या मनात काय आले असेल, याचा विचार आमच्या भगिनी वाचकांनी अवश्य करावा. कारण असा त्याग एकट्या कर्त्या पुरुषाचा कधीच नसतो.

कोणी म्हणेल, 'ही मोठी माणसे. आमच्या वालुरासारख्या गावाला यांचा काय उपयोग?' त्यास आमचे उत्तर असे. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राजवटीत सभेस, खाजगी शाळेस व आखाड्यासही सरकारी परवानगीची आडकाठी असे. राज्यकर्त्यांस आखाड्याची भीती वाटे, याचा अर्थ काय? चार तरुण रोज एके ठिकाणी जमून एकमेकांवर विश्वास ठेवण्यास शिकले, तर ते केवळ कुस्ती खेळून स्वस्थ बसणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. जे सत्ताधाऱ्यांनी ओळखले, ते आपण मात्र विसरलो, आणि आखाड्याला रिकामटेकड्यांचे ठिकाण समजू लागलो!

आज चित्र बदलले आहे. खेळाला पैसा आला, संघांचे लिलाव होतात, चालकांस मोठी वेतने मिळतात. यात वावगे काही नाही. कामास मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. परंतु मोल घेणाऱ्या चालकास तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार समाजास आहे. पहिला, तुमच्या मैदानाचे दार कोणासाठी उघडे आहे? ज्याच्यापाशी वर्गणीचे पैसे नाहीत तो मुलगा, आणि जिला घरून एकटीने पाठवीत नाहीत ती मुलगी, यांची सोय तेथे आहे काय? दुसरा, पूर, दुष्काळ वा साथ आली असता तुमचे खेळाडू गावाच्या कामास येतात काय? तिसरा, तुम्ही गेल्यावर संस्था चालेल काय? या तिन्ही प्रश्नांस ज्याचे उत्तर होकारार्थी, तो पुढारी. इतर सर्व केवळ पदाधिकारी.

आणि हेच प्रश्न थोड्या फरकाने आपणही स्वतःस विचारावेत. आमच्या वाचकांपैकी कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी कोठल्या ना कोठल्या संस्थेच्या समितीवर असतात. परीक्षा जवळ आली की मुलांचे खेळणे प्रथम बंद करणारे घर बहुधा आपलेच. मुलीने बारा वर्षे ओलांडली की तिच्यापुरते क्रीडांगण संपले, असे ठरविणारेही आपणच. मोलकरणीचा मुलगा आपल्या नातवाबरोबर एकाच संघात खेळला तर आपल्या कपाळास आठी पडते की नाही, हे ज्याने त्याने आरशात पाहावे. तपोवनाएवढे धैर्य प्रत्येकाच्या अंगी येणार नाही; पण एक आठी कमी करण्याएवढे धैर्य कोणासही साधेल.

वालूरच्या बारवेचे एक वैशिष्ट्य शेवटी सांगावेसे वाटते. पायरी गोलाकार असल्यामुळे खाली उतरणाऱ्यास आपण किती उतरलो हे चटकन कळत नाही. तो चालत राहतो आणि पाण्यापाशी पोहोचतो. लोकसेवेचे तसेच आहे. शिवाय बारव एकदा साफ केली म्हणजे कायमची साफ झाली, असे नसते. दर पावसाळ्यात नवी माती येते, आणि दर वर्षी कोणीतरी घमेले उचलावे लागते. ते उचलणारे हात आपल्या घरी तयार होत आहेत काय, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहावे, अशी आमची विनंती आहे.