बारवीच्या काठची तहान

बदलापूरजवळ बारवी नदी अडवून औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली जे धरण बांधले, त्याच्या पाण्यावर अंबरनाथ-उल्हासनगरचे कारखाने आणि लक्षावधी कुटुंबांचे संसार चालतात. परंतु ज्या डोंगरउतारांवरून हे पाणी वाहून येते, तेथील ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर चैत्र लागला की बायाबापड्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा उकरतात आणि त्यात झिरपणारे गढूळ पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. जेथे वर्षाला सुमारे १०० इंच पाऊस पडतो, तेथील हे दैन्य निसर्गाचे नसून व्यवस्थेचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाचणी-वरईची वरकस जमीन उताराची. बांध नसल्यामुळे पहिल्याच सरींबरोबर तिची माती धुपून जाते, आणि माती गेली की पाणी मुरत नाही, पीक येत नाही, मग दिवाळीनंतर अवघे कुटुंब वीटभट्टीची वाट धरते. रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ सालीच केला. त्याखाली दगडी बांध, समतल चर आणि वनतळी यांची कामे याच उतारांवर, याच हातांनी, दरसाल व्हावयास हवीत. सरकारने औद्योगिक पाणीपट्टीतील ठराविक हिस्सा या बांधबंदिस्तीसाठी राखून ठेवावा, आणि तशी तजवीज येत्या मृगापूर्वी करावी.